सांगोल्याची वाट आणि एक रिकामा हात

सांगोल्याला सहलीसाठी कुणी जात नाही. तिथे लेणी नाहीत, धबधबा नाही, आणि उन्हाळ्यात तर प्यायचे पाणीही टँकरने येते. मी गेले ते एका बंदुकीमुळे.

आमच्या महाविद्यालयात एनसीसीच्या मुलींना कवायतीसाठी थ्री नॉट थ्री रायफली देतात. सैन्याने वापरून उतरवलेल्या या रायफलींतून गोळी सुटत नाही, पण त्यांचा बोल्ट मात्र चालतो. बोल्ट म्हणजे नळीच्या मागच्या बाजूचा पोलादी दांडा. त्याला उजव्या अंगाला एक गोल मूठ असते. प्रत्येक गोळी झाडल्यावर ती मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे रेटायची आणि खाली दाबायची. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते. हे सारे मी ग्रंथालयात आधीच वाचून ठेवले होते. मैदानावर कवायत शिकवणारे उस्ताद ओरडले, "ऊपर, पीछे, आगे, नीचे!" माझा हात तसा फिरला आणि मी थिजले.

तो हात मी ओळखत होते. तो माझ्या बाबांचा होता.

बाबा पायदळात होते. एकाहत्तरच्या लढाईतून ते परत आले नाहीत. आई त्याआधीच गेलेली, म्हणून मी लहानपणापासून सोलापुरात मावशीकडे वाढले. बाबा वर्षातून एकदा रजेवर येत, दारापाशी बाजेवर बसत, आणि आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावे ते सुचत नसे. पाचवीत असताना मी एक युक्ती काढली. मी त्यांना माझ्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचून दाखवू लागले. धडा दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. वादळ सुरू झाले, दिवा विझला, तो म्हातारा अंधारात जिना चढू लागला, आणि इतक्यात बाबांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला, छातीकडे आला आणि झटक्याने माझ्या दिशेने पुढे गेला. 'पुरे, जा आता' असाच त्याचा अर्थ मला वाटला. मी पुस्तक मिटले. त्यानंतरच्या साऱ्या रजांत आमचे संभाषण "बरी आहेस ना?" आणि "हो" यापलीकडे गेले नाही.

आता मैदानावर उभी असताना मला कळेना की त्या दिवशी बाबांनी मला हाकलले होते, की त्यांचा हात नुसता बोल्ट ओढत होता. हे सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता. बिरूकाका. ते बाबांच्याच तुकडीत होते. बाबांची पेटी घेऊन तेच आमच्याकडे आले होते. सांगोल्याजवळच्या एका वाडीवर ते आता मेंढरे राखतात. पेटी देऊन जाताना म्हणाले होते, "कवा बी ये पोरी. घर तुजंच हाय." संक्रांतीची सुट्टी लागली, मी मावशीला सांगितले, आणि तिने काहीही न विचारता कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

सोलापूरहून सांगोल्याला मंगळवेढ्यावरून एसटी जाते. सकाळची पहिली गाडी धरावी. दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही आणि धूळ दुप्पट मिळते. तिकीट पाच रुपयांच्या आत आहे. बेगमपूरला भीमा ओलांडली की जमीन काळी होत जाते, आणि मंगळवेढ्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीखेरीज काहीही दिसत नाही. दुष्काळाच्या वर्षांत याच रस्त्यावर माणसे खडी फोडत बसलेली होती, असे शेजारच्या आजीबाई सांगत होत्या. त्यांच्या मांडीवर एक करडू होते आणि ते माझ्या वेणीची रिबीन चघळत होते.

"एकटीच निगालीस व्हय?" आजीबाईंनी विचारले.

"हो."

"कुनाकडं?"

"वडिलांच्या मित्रांकडे."

"आन् वडील?"

मी खिडकीबाहेर पाहिले. आजीबाईंनी करडाच्या तोंडातून माझी रिबीन सोडवली आणि म्हणाल्या, "घे. वल्ली झाली, पन हाय तुजी तुला." मंगळवेढ्याला गाडी बराच वेळ थांबते. स्थानकाबाहेर हुरडा मिळाला तर जरूर घ्यावा. मी घेतला, पण हुरडा हे एकटीने खाण्याचे खाणे नव्हे हे पहिल्या घासालाच कळले. शेकोटीभोवती बसून एकमेकांच्या तळहातावर गरम दाणे चोळून द्यावेत, अशी त्याची रीत आहे. उरलेला मी करडाला दिला.

मंगळवेढ्यानंतर माती फिकी होते, बाभळी खुरट्या होतात, आणि मेंढरांचे कळप रस्ता अडवतात. सांगोल्याला उतरले तेव्हा ऊन तापले होते. वाडीकडे जाणारी बैलगाडी बाजार उरकल्यावर निघणार होती. तोवर मी सरकारी कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसले. खजिन्याच्या दाराशी एक पोलीस पहारा देत होता. त्याच्या खांद्याला थ्री नॉट थ्रीच होती, आणि मी तिच्या बोल्टकडे पाहत राहिले असावे.

"काय बगताय ताई? बंदूक हाय, भावली न्हाय," तो म्हणाला.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी मी धीर करून विचारले, "सैन्यात आता नवी रायफल आली आहे ना? मग तुम्हाला ही जुनीच?"

"आवो, मिलिट्रीनं उतरवली की आमाला मिळती. थोरल्याची चड्डी धाकट्याला!" तो मोकळेपणी हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पन जुनी लई इमानी हाय बरं का. चिकलात पडू द्या, धुळीत पडू द्या, रुसत न्हाय."

बैलगाडीने वाडी गाठली तेव्हा बिरूकाका मेंढरांना पाणी दाखवून परतत होते. त्यांनी मला ओळखले आणि काठी भिंतीला टेकवली. "दत्तूवानीच चालतीस की गं," एवढेच म्हणाले. दत्तू म्हणजे माझे बाबा. लक्षीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे आणि बाजरीची भाकरी समोर ठेवली. त्या घरात खुर्ची नाही, घड्याळ नाही. पण पाहुण्याला घोंगडीचा मऊ भाग मिळतो.

मला मनातला प्रश्न विचारता येईना, म्हणून मी रायफलीपासून सुरुवात केली. नवी कशी होती, जुनीहून वेगळी कशी, असे विचारताच बिरूकाकांचा चेहरा बदलला. त्यांनी काठी उचलली.

"ही बग थ्री नॉट थ्री." काठी खांद्याला लागली, डावा हात पुढे गेला, गाल लाकडाला टेकला. "धा गोळ्या. एक झाडली, की बोल्ट. पुना एक, पुना बोल्ट. बंदूक खांद्यावरनं उतरवायची न्हाय, डोळा निशानावरनं हलवायचा न्हाय. निस्ता हात फिरला पायजे. ते जमायला वरीस जायचं. बराकीत रातंदिस रिकाम्या हातानं घोकायचो आमी, तू पाडं घोकतीस तसं."

"आणि नवी?"

"एसेलार, आपोआप भरनारी." काठी तीच, पण आता त्यांची उजवी मूठ खाली, पिस्तूल धरावे तशी आवळली. "वीस गोळ्या. डाव्या हातानं एकदा खुंटी वडायची, मग चापावर बोट दाबत ऱ्हायचं. गोळीचा जो धूर असतो न्हवं, त्योच बोल्ट मागं ढकलतो आन् स्प्रिंग पुढं आनती. मधी एक धेडगुजरी बी निगाली हुती, जुन्याच अंगात नवी गोळी बसवलेली. पन आमाला थेट एसेलार गावली."

"आवो, मेंढरं बुजली की तुमच्या बंदुकीला!" लक्षीकाकू आतून ओरडल्या. "लढाई सपली, ह्यांची काठी काय खाली येईना."

बिरूकाकांनी काठी खाली घेतली आणि हसू लागले. "तुज्या बाची गंमत सांगू? नवी बंदूक आली त्या पैल्याच फायरिंगला त्यानं एक गोळी झाडली, आन् उजवा हात सोडून गेला की बोल्ट हुडकायला! तितं बोल्टच न्हाय. पुना झाडली, पुना हात गेला. उस्ताद खवळला. म्हनला, 'किसको बुला रहा है?' शेवटी रुमालानं त्याचा हात मुठीला बांदला. सारी कंपनी हसून लोळली."

मीही हसले, मग माडग्याच्या वाटीकडे पाहत विचारले, "मग ती सवय सुटली?"

"बंदुकीवर सुटली." ते म्हणाले. "पन त्या हाताचं काम गेलं ना पोरी. त्यो रिकामा झाला. मग दुसरीकडंच फिरायला लागला. बराकीत रेडूवर गानं लागलं, एकादं भजन रंगलं, की दत्तूचा हात सुरू. वर, मागं, पुडं, खाली. आमी चिडवायचो, 'दत्तू, गोळ्या सपल्या!' त्याला म्हाईतच नसायचं. जीव कशात गुतला, डोळा एका जागी लागला, की हात चालायचा. कटाळला तर गप पडून घोरायचा."

मी वाटी खाली ठेवली. मग मी त्यांना दीपगृहाच्या धड्याविषयी सांगितले. माझे वाक्य नीट जुळत नव्हते; वर्गात असे कधी होत नाही.

बिरूकाका घोंगडीच्या दशा ओढू लागले. "म्हनजे ते हे व्हय," ते शेवटी म्हणाले. "रजेवरनं आला आन् म्हनला, पोरगी लई ग्वाड वाचती, बिरू. समुद्रातल्या दिव्याची गोष्ट हाय, एक म्हातारा जिना चडतोय. आमी इचारलं, पुडं काय झालं? म्हनला, म्हाईत न्हाय. मधीच मिटलं तिनं पुस्तक. माज्या अडान्यापुडं किती वाचंल ती."

"तुमी सांगायचं तरी त्येला, परत वाच म्हन म्हनून!" काकू दारातून म्हणाल्या.

"सांगितलं की. लाजला त्यो." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमी बापलेक सारकीच."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मुक्काम तिथेच झाला. सकाळी बिरूकाका सडकेपर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तेव्हा त्यांनी काठी खांद्याला लावून सलामी दिली, आणि सडकेवरच्या चार मेंढ्या खरोखरच बुजल्या.

परतीच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. गाडी अर्धी रिकामी होती. ज्यांना हा रस्ता पाहायचा असेल त्यांनी परतताना डाव्या खिडकीशी बसावे, ऊन कमी लागते. मी उजवीकडे बसले होते. एका रायफलीचा बोल्ट हाताऐवजी धुराने चालू लागला, एवढाच तो बदल. पुस्तकात तो एका परिच्छेदात संपतो. सैनिकाचा हात मोकळा होणे ही सुधारणाच आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण त्या मोकळ्या झालेल्या हाताला आमच्या दारात मी भेटले होते, आणि त्याची भाषा मला येत नव्हती. बाबांनाही माझी येत नव्हती. त्यानंतरच्या पाच वर्षांतल्या रजा आम्ही एकमेकांसमोर अशाच बसून काढल्या. हे आता कुणाला सांगून काही उपयोग नाही. ज्याला सांगायचे तो माणूस नाही.

सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. मावशी गिरणीत पाळीवर गेली होती. खोली झाडलेली, बाज दारापाशी रिकामी. पाचवीचे पुस्तक ट्रंकेच्या तळाशी सापडले. दीपगृहाच्या धड्याचा शेवट मी परीक्षेसाठी अर्थातच मनात वाचलेला होता, पण मोठ्याने कधीच नाही. मी बाजेसमोर बसले आणि म्हातारा जिना चढू लागतो तिथून वाचायला घेतले. शेजारी ऐकतील म्हणून आवाज आधी लहान होता, मग तो आपोआप वाढला. म्हातारा वर पोचला. दिवा लागला. प्रत्येक पूर्णविरामाशी मी थोडी थांबत गेले. एक हात वर, मागे, पुढे आणि खाली व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.