सुकेळीच्या पाण्याची स्कॉच

हे नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो गेला. मुलांना ठाऊक नाही. चर्चमध्ये कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकून मी फादरना आजवर बरंच काही सांगितलंय — सासूला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या, उपासाच्या शुक्रवारी चाखलेला मटणाचा रस्सा — पण हे एक दरवेळी जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि मी गिळलं. गिळायची मला सवयच आहे. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, वसईच्या गासमधली सत्तरी उलटलेली म्हातारी, हिने असं काय मोठं केलं असेल? सांगते. पण सरळ सांगता येत नाही — सुरुवात केली की स्वतःचाच राग येतो आणि गाडी भलतीकडे वळते. म्हणून आधी व्हिस्कीबद्दल बोलते. तो विषय मला येतो.

माझी नात शॅरन मुंबईत नोकरी करते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रमैत्रिणींना घेऊन दुपारी जेवायला येते. येताना बाटली असतेच. 'आमची आजी व्हिस्कीतली एक्स्पर्ट आहे' असं तिने सगळीकडे पसरवून ठेवलंय. मागच्या खेपेला तिच्या एका मैत्रिणीने चांगल्या बारा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीत अर्धा ग्लास कोला ओतला. मला वाटलं, तिच्या हातावर पळीच हाणावी.

तर नव्याने पिणाऱ्यांनो, ऐका. रिकाम्या पोटी बसू नका. ग्लास बर्फाने भरू नका — गारठलेल्या जिभेला काय कळणार? ग्लासात नाक खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूच वास घ्या, नाहीतर नुसती झणझण डोक्यात जाते. पहिल्या घोटावरून मत देऊ नका. पहिला घोट फक्त तोंडाला जागं करतो. मग चमच्याने थोडं पाणी, अगदी थेंबाथेंबाने — बंद कळी उघडावी तशी ती उघडते. आणि दुसऱ्या ग्लासानंतर थांबा. तिसऱ्याची चव कुणालाच आठवत नाही, उगाच पैसे वाया.

सुरुवात आयर्लंडकडच्या मऊ व्हिस्कीने करावी. मग शेरीच्या पिंपात मुरलेली. तिला नाताळच्या केकमधल्या मनुकांचा वास येतो. स्कॉटलंडच्या बेटांवरची धुरकट असते ती सर्वांत शेवटी. पहिल्यांदा पिणाऱ्याला वाटतं, अर्नाळ्याला सुक्या मासळीच्या झोपडीत कुणी चूल पेटवलीय. मला आवडते. आपल्या देशातलीही आता छान असते — आपल्या उकाड्यात ती लवकर मुरते, आणि पिंपातून उडूनही जास्त जाते. शॅरनने फोनवर वाचून दाखवलं, की जी उडून जाते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळे हसले. मीही हसले. आमच्या कपाटातली बाटली एकेकाळी अशीच कमी होत होती, आणि तो देवदूत घरातच होता — बिनपंखांचा, कमरेला चावी खोचलेला.

बघा, आलेच शेवटी तिथे.

लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा बोटीवर, आला की दीड-दोन महिने घरी, की पुन्हा गायब. घरात सासरे — त्यांना आम्ही सगळे बा म्हणायचो — सासू, धाकटा दीर सांतान, आणि मी. मी म्हणजे कोण? मॅट्रिक झालेली, स्वतःला फार शहाणी समजणारी, केसांत अबोली माळून आरशापुढे 'माझ्यासारखी माणसं या घरात वाया जातात' असं मनात म्हणणारी महामाया. आज समोर आली तर तिला मीच आधी केळी सोलायला बसवीन.

त्या घरी बायकांना सणाला वाईन मिळायची, घरी केलेली, अर्धा ग्लास. दारू पुरुषांची. एका सुट्टीत नवऱ्याने स्कॉच आणली. ओटीवर बांबरोबर एक-एक पेग घेतला, आणि बूच घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही सांतानच्या सुपारीला काढायची. मुलीकडच्यांसाठी आहे, तोवर हिला हात नाही लावायचा." आमच्याकडे सोयरीक ठरताना मुलीच्या बापाला घरातल्या चांगल्या बाटलीतला पहिला ग्लास द्यायचा, तो त्याने घेतला की शब्द पक्का. बाटली माझ्या कपाटात गेली, चावी माझ्या कमरेला.

सांतानबद्दल सांगायला हवं. मनाने भोळा, पण ताडी आणि गावठीचा नाद होता. एका लग्नात बँडवाल्याचा ढोल गळ्यात घालून नाचता नाचता ढोलासकट बावखलात पडला. पाण्यातून ओढून काढला तेव्हाही वाजवत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी बा त्याच्याशी बोलले नाहीत, आठवडाभर बोलले नाहीत. मग त्याने एका रविवारी, चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, आल्तारासमोर सगळ्यांदेखत शब्द दिला की यापुढे थेंब घेणार नाही. आणि नाही घेतला. मी रोज बघत होते — मीच तर बघत होते. ताडीवाला दाराशी आला की सांतान मागच्या अंगणात जाऊन बसायचा.

मागच्या अंगणात त्याचं काम असायचं. राजेळी केळी पिकली की सोलायची, उन्हात चटईवर मांडायची, दिवसातून कितीदा उलटायची, संध्याकाळी पेंढ्यात गुंडाळायची — आठवडाभर असं केलं की मधाच्या रंगाची सुकेळी होतात. सांतानच्या हाताला तो गोड, जड वास कायम असायचा. गिरीजच्या रोझीला तो वास आवडायचा, असं तो एकदा मला म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तिच्या बापाने अट घातली होती: वर्षभर दारू सोडून दाखव, मग बघू.

आणि मी? दुपारी बा आणि सासू वाडीत, सांतान अंगणात, मी घरात एकटी. एके दिवशी कपाट आवरताना बूच काढून वास घेतला. फक्त वास. दुसऱ्या दिवशी बूचभर. तुम्हांला आता मी जे ज्ञान वाटतेय ना — थेंबाने पाणी, तोंड उघडं ठेवून वास, पहिल्या घोटावर मत नको — ते मी तिथे शिकले. कपाटाच्या दाराआड, चोरून, एकेक बूच. घरातल्या कंटाळ्याचा, नवऱ्याच्या नसण्याचा बहाणा मी तेव्हा स्वतःला दिला होता. तो इथे देत नाही.

बाटली उतरली. आता काय करावं? चहाचं पाणी घालणारे असतात. तेवढी मी साधी नव्हते — चहा गढूळतो हे मला माहीत होतं. माझी अक्कल त्याहून पुढची. मी अंगणातली चार सुकेळी आणली, गरम पाण्यात भिजवली, पाणी फडक्यातून गाळलं. रंग हुबेहूब. चवीलाही किंचित गोड. बाटली भरली, बूच लावलं, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात बघून हसले. त्यानंतर मी त्या बाटलीकडे वळलेही नाही. तिच्यात पिण्यासारखं उरलंच काय होतं?

सुपारीचा दिवस आला. रोझी आली नव्हती, तशी पद्धत नाही; तिचा बाप आला, दोन काका आले. सासूने वडे केले होते. सांतान नवा शर्ट घालून ओटीच्या कडेला बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. बांनी बाटली मागितली, मी आणून दिली. हो, मीच. भीती वाटली का? नाही. मला खरंच वाटत होतं, की भागून जाईल.

बूच काढताच बाटली फसफसली. आंबली होती. ओटीभर वास पसरला, आणि तो वास वसईतल्या कुठल्याही माणसाला डोळे मिटून ओळखता येतो — सुकेळी. बांनी ग्लासात ओतलं: गढूळ, वर फेस. मग सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. घरात सुकेळी कोण करतं?

रोझीचा एक काका हसला. "बाटलीतपन सुकत घातलीत काय केळी?"

सांतान उभा राहिला. "मी नाय, बा," इतकंच म्हणाला. बा ग्लासातल्या फेसाकडेच बघत राहिले. तेव्हा तो माझ्याकडे वळला. "वयनी, तू सांग ना. तू घरात असतेस. तुला ठाऊक हाय मी पीत नाय."

इथे मी नेहमी थांबते. मनात शेकडो वेळा हे आठवलंय आणि दरवेळी इथेच उठून काहीतरी काम काढलंय. आज नाही उठत.

मी गप्प राहिले असते, तरी ते पाप झालं असतंच. पण मी गप्प राहिले नाही. मी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चावी माझ्याकडेच असते, बा. पण मी आंघोळीला जाते तेव्हा उशीखाली ठेवते. त्या वेळी घरात कोण असतं, ते मी काय सांगू?"

एवढंच. खोटं म्हणावं तर त्यातला शब्दन् शब्द खरा. किती चलाख होते मी, नाही?

रोझीच्या बापाने ग्लासाला हात लावला नाही. उठताना तो बांना म्हणाला, "पोरगा प्यायला असता तर एक वेळ चाललं असतं. आल्तारासमोर शब्द देऊन लपून पितो, त्याला पोर कशी द्यायची?" वडे तसेच राहिले. रोझीचं पुढे दुसरीकडे लग्न झालं. नवरा बोटीवरून परत आला आणि भावाशी कित्येक वर्षं कामापुरतं बोलला. मी दोघांना वाढत होते. एकाला भात, एकाला भात — आणि तोंड बंद.

सांतानने लग्न केलं नाही. त्याने पुन्हा कधी दारूही घेतली नाही, पण ते मानतं कोण? लग्नात कुणी ट्रे पुढे केला आणि त्याने मान हलवली, की पोरंटोरं डोळे मिचकावतात. माझ्या मुलांनी त्याला सुकेळीकाका केलं. नातवंडांनी तेच उचललं. त्यांना वाटतं ते लाडाचं नाव आहे. मला इतक्यांदा ओरडावंसं वाटलं — त्यांच्यावर नाही, स्वतःवर — आणि इतक्यांदा मी त्या विनोदाला हसले. मीच आधी हसते, म्हणजे कुणी माझ्याकडे बघत नाही.

मागच्या रविवारी शॅरनला माझा व्हिडिओ करायचा होता. 'आजीच्या टिप्स.' ओटीवर खुर्ची, समोर तीन ग्लास, शॅरनच्या हातात मोबाइल. सांतानही आला होता. पलीकडच्याच घरात राहतो तो. बाजूच्या बाकावर पाण्याचा ग्लास घेऊन बसला. मी माझं सगळं सांगितलं, बर्फ नको, घाई नको, कोला तर अजिबात नको. पोरं खूश. मग त्या कोलावालीने विचारलं, "पण आजी, तुमची फर्स्ट व्हिस्की कुठली? कोणी पाजली?"

सोपा प्रश्न. पन्नास वर्षांचं उत्तर ओठांवर. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "ह्यांनी दिली होती. सर्दी झाली होती मला, चमचाभर दिली." मोबाइल चालू होता. आता ते खोटं सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतंय, खाली टाळ्यांची चित्रं येतायत.

सांतान बाकावरून म्हणाला, "दादाने दिली म्हणजे चांगलीच असनार."

पोरं निघून गेल्यावर मी ग्लास गोळा करत होते. तो जायला उठला, चपला घातल्या, आणि पायरीवरच थांबला. एका ग्लासाच्या तळाशी थोडीशी उरली होती, तिच्याकडे बघत होता. ताडी, गावठी, तरुणपणी काय काय प्यायला असेल; स्कॉच त्याने कधी तोंडालाही लावली नव्हती. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

"वयनी," तो म्हणाला, "लागते तरी कशी गं ती?"

चिडून विचारलं नाही. टोमणाही नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. आणि मी — जी परक्या पोरांना तासभर मनुका, धूर, मध, केक असं सांगत बसते — मी त्याच्या हातात ग्लास दिला नाही, आणि सत्यही दिलं नाही.

मी म्हटलं, "कडू."

त्याने मान डोलावली. "मग बरं," म्हणाला, आणि गेला.

ती स्कॉच मी प्यायले होते. सांतानने तिचा थेंब चाखला नव्हता. आणि ती कडू नव्हती.