तापीच्या वाळूत पास झालेला हवेचा पंप

पिस्टन, झडप, पितळी नळी, चामडी वायसर, सगळं माझ्या हातचं! जीपवाल्या दोस्तांनो, म्हणून आज स्टँडच्या फळ्यावर लिहितोय.

सकाळी पटेलांची केळी भरलेली जीप तापीच्या वाळूत रुतली. मालगाडी चुकली असती तर केळी सडली असती. मी म्हटलं, "चाकांतली अर्धी हवा सोडू."

पटेल उसळले, "मिस्तरी, मंग भरशी कशी? मन्ही जीप शे, फुगा नही!"

तरी सोडली. जीप अलगद निघाली. पुढे दगडी रस्ता, कमी हवेवर टायर फाटले असते. मी इंजिनाचा एक स्पार्क प्लग काढून तिथे पंप बसवला आणि इंजिन उरलेल्या तीन सिलिंडरांवर चालवलं; चौथ्याच्या दाबाने पंप हवा भरू लागला. चारही चाकं टणक! केळी वेळेत स्टेशनात पोचली.

आता सांगा, हातपंप मारत घाम गाळायचा, की इंजिनाला कामाला लावायचं?

पटेल पंपाचे जागेवर दोनशे रुपये देत होते. नाही दिला.