कपाटाला कुलूप

वडिलांमागे किल्ल्या बनवायचं दुकान तिनंच चालवलं. बाईमाणूस हातात कानस घेऊन बसते म्हणून गल्लीनं आधी नाकं मुरडली. मग तेच लोक स्वतःच्याच दाराबाहेर अडकल्यावर तिलाच हाका मारायला लागले. घरी मात्र ती भावाच्या मुलांची आत्या, आणि पाठ वळली की खादाड आत्या.

खादाड! म्हणणाऱ्याचं काय जातं? चारचौघांत ती चिमणीएवढं जेवायची. सगळे घराबाहेर पडले की कपाटापाशी उभ्या उभ्या पाव, बिस्किटं, उरलेला भात, हाताला लागेल ते भराभर. भूक नसायची, चव कळायची नाही. पोट दुखेपर्यंत हात थांबत नसे, आणि थांबला की स्वतःचीच किळस यायची. रिकामे पुडे दुकानातल्या भंगाराखाली दडपायचे. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून काहीच खायचं नाही, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "बरा होतो. पण उपाशी राहायचं नाही. वेळेवर, सगळ्यांबरोबर जेवायचं."

कुणीतरी अक्कल न शिकवता ऐकून घेतलं होतं. ती तिथंच ढसाढसा रडली.

दुपारी घरी येऊन बघते तर स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप. तेही तिच्याच दुकानातलं! दादानं सकाळी तिथूनच उचललं होतं.

"तुझ्या भल्यासाठीच गं," दादा म्हणाला. "जरा जिभेवर ताबा..."

तिचं डोकं सणकलं. पिशवीतली तार काढली आणि त्याचं बोलणं संपायच्या आत कुलूप काढून त्याच्या हातात ठेवलं. वहिनीला हसू आवरेना.

"कुलपं उघडून पोट भरते मी, दादा. मला काय अडवतोस? मी आजारी आहे. लाज वाटते म्हणून चोरून खाते, आणि तू त्या लाजेलाच कुलूप घालतोस! औषधोपचार मी घेणार आहे. पण आजपासून या घरात मला खादाड म्हणायचं नाही. कुणीच."

दादानं कुलूप खिशात घातलं.

ती खुर्ची ओढून बसली. "वहिनी, वाढ. तुम्हीही बसा सगळे. मी जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही."

 पहिला घास तिनं सगळ्यांच्या देखत घेतला, आणि सावकाश चावला.