उपाशी पोटाची साखर

सकाळी उठल्या उठल्या मी आधी माझी बोटं हुंगायची. तोंड धुवायच्या आधी, देवाचं नाव घ्यायच्याही आधी. गुळाचा वास येतोय का, ते बघायची. सांगायला लाज वाटते, पण साठी उलटलेल्या बाईनं रोज आपल्याच बोटांची झडती घ्यावी, असेही दिवस आले होते.

दुष्काळात वैजापूरकडची आमची विहीर आटली, आणि पोरानं मला बजाजनगरला स्वतःच्या घरी आणलं. पोरगा कंपनीत कामाला, सून घरी बसून ब्लाऊज शिवायची. दोनच खोल्या. आजूबाजूला नव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि नळ मात्र कोरडे. वापरायचं पाणी टँकरचं, प्यायचं विकतच्या जारचं. जार सैपाकघरात असायचा आणि सून त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायची. तिचं काही चुकत नव्हतं.

तिथं आल्यावर थोड्याच दिवसांत मला शुगर निघाली. पोरगा लई घाबरला. आमचे मालक शुगरनंच गेले. आधी पाय गेला, मग ते. आणि ते खरंच चोरून खायचे. सदऱ्याच्या खिशात पेढे सापडायचे, वर शपथ घ्यायचे. हे सगळं पोरानं लहानपणापासून बघितलेलं.

त्यानं शुगर बघायचं मशीन आणलं. रात्री झोपताना आणि सकाळी ड्यूटीला जायच्या आधी माझ्या बोटाला टोचायचा. रात्री मी अर्धी भाकर आणि भाजी खाऊन आडवी व्हायची, तेव्हा आकडा बरा असायचा. सकाळी पोटात कावळे ओरडायचे आणि आकडा वर चढलेला.

"आई, रात्री काय खाल्लं?"

"काही नाय रे."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

रोज हेच. मग एक दिवस माझंही डोकं सटकलं. म्हणलं, लाव सैपाकघराला कुलूप आणि चावी घे उशाखाली. सून म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या." पण मला कुठला दमधीर. मला वाटलं, सकाळी आकडा उतरंल आणि हा गुमान मान खाली घालंल. कुलूप लागलं. सकाळी आकडा आदल्या दिवसापेक्षा जास्तच. पोरगा मशीन डब्यात घालून तसाच ड्यूटीला गेला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

त्यात ती मेली तहान. रात्री घशाला नुसती कोरड पडायची, आणि जार कुलपाच्या आत. मागू कशी? कुलूप मीच लावायला लावलं होतं. दिवसभर उभं राहून आलेल्या पोराला पाण्यासाठी उठवायचं जिवावर यायचं. मग दुपारी सून शिलाईत गुंतली की मी रिकाम्या बाटलीत जारचं पाणी भरून घ्यायची आणि माझ्या पेटीत लुगड्यांखाली दडवायची.

सुट्टीच्या दिवशी पोरगा म्हणाला, "आई, पेटी उघड."

मी उघडली. त्यानं एकेक लुगडं काढून फरशीवर ठेवलं. मालकांची टोपी निघाली, तीही बाजूला ठेवली. मग बाटली. त्याला वाटलं असंल सरबत. झाकण काढून वास घेतला, जिभेला लावून बघितलं. "साधं पाणीय," तो म्हणाला.

सून दारात उभी होती. "म्हणून जार लवकर संपत होता," ती हळूच म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला नुसता उलगडा झाला होता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुळाची चोरी केली नव्हती, पण चोर तर मी निघालेच.

"व्हय," मी म्हणलं, "खात असंन मी. झोपंत खात असंन." रागानं नव्हते म्हणत. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पोरानं मला शहरात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बसायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "मॅडम, आई चोरून खाते. कुलूप लावलं तरी साखर चढते." दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

"कुलूप?" बाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी दार लावलं.

"साखर फक्त खाऊनच चढते असं नाही," त्या पोराला म्हणाल्या. "लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं, ते साखर उतरवतं. तिथूनच ग्लुकागॉन म्हणून दुसरं हार्मोन निघतं, ते लिव्हरला साखर सोडायला लावतं. उपाशी माणसाला आधार म्हणून ही सोय आहे. तुमच्या आईंचं इन्सुलिन कमी पडतं आणि ते दुसरं गप्प बसत नाही. म्हणून पोट रिकामं असलं तरी लिव्हर रात्रभर साखर सोडत राहतं."

"आणि जेवल्यावर?" पोरानं विचारलं.

"जेवल्यावर आतडं आपल्या हार्मोनांतून निरोप धाडतं, की अन्न आलंय, इन्सुलिन सोडा आणि त्या दुसऱ्याला आवरा. यांच्यात त्या निरोपाचा जोर कमी झालाय. तो जास्त वेळ टिकावा म्हणून एक गोळी वाढवते. आणि तहान साखरेमुळंच लागते. पाणी अडवू नका."

मी पदर बाजूला केला. "म्हणजे मी झोपंत खात नाय?"

बाई हसल्या नाहीत. "नाही हो आई."

येताना पोरानं नव्या पुलाखाली गाडी थांबवली. "बाबांचा पाय डोळ्यापुढून जात नाय गं," एवढंच म्हणाला. घरी आल्यावर त्यानं कुलूप काढलं. सुनेनं माझ्या उशाशी भरलेला तांब्या ठेवला, वर फुलपात्र झाकलं. "पोटभर प्या," ती म्हणाली. मी प्याले.

सकाळी जाग आली तशी मी बोटं हुंगली. सगळं कळलं होतं, तरी हुंगली. वर बघते तर पोरगा मशीन घेऊन दारात उभा.

"आई, काय करती?"

मी हात पदराखाली घेतले. काय सांगणार, लाजच वाटली. पण त्याला कळलं. त्यानं मशीन खाली ठेवलं, माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि तसाच बसून राहिला. बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, परत दिला, आणि निघून गेली.