बिनखुणेच्या ओळी

सून आज जिथे नोकरी करते, तिथूनच मी निवृत्त झाले. तिथे एका प्रोग्रामिंग भाषेचा सर्व्हर आहे. म्हणजे कोड लिहिणाऱ्याच्या मागे उभं राहून ‘इथे चुकलं’ म्हणत लाल रेघ ओढणारा प्रोग्राम. सासूचंच काम, फक्त पगारी. तो नेमका टोकतो का, हे तपासायला आम्ही मुद्दाम चुकीचा कोड लिहायचो आणि चुकलेल्या शब्दाखाली खूण करायचो: इथे, अमुक चूक दिसायला हवी. खुणांची ती पद्धत माझी. तेव्हा मी अवघी चौपन्न वर्षांची पोर, आणि तोरा असा की कुणी शंका काढली तर म्हणायचे, ‘कोथरूडात प्रोग्रामिंगचे क्लासेस काही कमी नाहीत, जा शिकून या.’

आता ती पद्धत नव्यानं रचायचं काम सुनेकडे आलं. तिचे साहेब म्हणाले, जुन्या चाचण्या टाकून द्या. ही म्हणाली, नको, लिहिणाऱ्या बाई आमच्याच घरात आहेत, विचारते. असा शब्द देऊन आली बिचारी.

रविवारी पोहे झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

“आई, ज्या ओळीखाली खूण नाही, तिथे सर्व्हरनं गप्प बसायचं ना?”

“अर्थात.”

“तो बसत नाहीये. तुमच्या पद्धतीत तिकडे कुणी बघतच नव्हतं, माझ्यात बघतात. निम्म्या चाचण्या नापास आहेत. आता सर्व्हर चुकतोय, की तिथे खूण करायची तुमच्याकडून राहिली?”

मी चष्मा पुसला. कोड माझा, खुणा माझ्या, मधली मोकळी जागाही माझीच. पण ती त्या चौपन्न वर्षांच्या बाईनं विचार करून सोडली होती, की धायरीची बस चुकेल म्हणून? खुणेत शहाणपणा तेवढा दिसत होता, घाई कुठेच नोंदलेली नव्हती.

“आठवा ना.”

“अगं, गॅसवर दूध ठेवलेलं आठवत नाही मला.”

“तुम्हीच लिहिलंय हो!”

“म्हणून तर! दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर दोन शब्द सुनावले असते.”

ती हसली नाही. आम्ही दुपारपर्यंत एकेक फाइल पाहिली. जिथे माझं उत्तर ‘माहीत नाही’, तिथे तिनं एक नवी खूण केली: अनिर्णित. जिकडेतिकडे तीच खूण. दोनतीनदा वाटलं, ठोकून द्यावं काहीतरी, सुटेल पोरगी. पण उद्या सर्व्हर लोकांना नको तिथे टोकायला लागला, तर जाब हिलाच विचारणार.

सोमवारी साहेबांनी एका वाक्यात निकाल दिला: अनिर्णित तेवढ्या चाचण्या काढून टाका.

संध्याकाळी माझ्याशेजारी बसूनच ती त्या काढू लागली. “आई, ही काढू?” मी मान डोलवायची. “आणि ही?” पुन्हा मान. थोड्या वेळानं तिनं विचारणं सोडलं. स्क्रीन मात्र माझ्याकडे वळवूनच ठेवली होती.