कुलूप लागलेल्या उपकेंद्राच्या पायरीवर

मंडळी, आत्ताच गावाहून मतदान करून मुंबईला परत आलोय आणि घरी न जाता थेट सायबर कॅफेत बसलोय.

लांज्याजवळच्या आमच्या गावात मत कुणाला द्यायचं ते मुंबई मंडळ ठरवतं. मंडळ म्हणजे मुंबईत नोकरीला असलेले आमचेच गाववाले. यंदा एका उमेदवाराने देवळाला सभामंडप कबूल केला, म्हणून सगळी मतं त्याला. मीही मान डोलावली होती.

मतदान शाळेत होतं. शेजारीच आरोग्य उपकेंद्र आहे. नर्सबाईंची बदली झाली तेव्हापासून त्याला कुलूप. उन्हामुळे रांगेतल्या बायका त्याच्याच पायरीवर टेकल्या होत्या. मंडळाचे बापू आठवण करून द्यायला आले, "काकी, ठरल्याप्रमाणं हां!"

सुलोचनाकाकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बापू, तुजा दवाखाना मुंबयला हाय. माजा ह्यो, कुलपातला. सून जीपमधी बाळंत झाली, तवा मंडळ कुटं व्हतं?"

बापू रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळले.

आपल्या ग्रुपवर काहीजण लिहितात की सरकारी दवाखाने बंद करा, खाजगी येतील. अहो, आमच्या वाडीत कोण येतोय दवाखाना थाटायला? तिथे सरकारचाच पैसा लागणार, आणि तो कुठे लावायचा हे मतानेच सांगावं लागणार.

मी मंडळाचं बटण दाबलं नाही. दुसऱ्या उमेदवाराने नर्स आणायचं कबूल केलंय, त्याचं दाबलं. नाही आणली, तर पुढच्या निवडणुकीत त्यालाही त्याच पायरीवर गाठू.

तुमच्या गावचं उपकेंद्र उघडं आहे का हो? शेवटचं कधी बघितलंत?