वीस किलोचा टोप

लग्नसराईत माझ्या दुकानात भांडी सोडून सगळं असतं. फळ्या असतात, वही असते, मी असते. टोकावड्याला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मी भांडी भाड्याने देते. टोप, कढया, झारे, पाण्याची पिंपं, ताटांच्या थप्प्या. भाडं दिवसावर. हिशेब इतका साधा, की पाचवीतल्या पोरानेही करावा. पण भांडं गेलं कधी हे वहीत सापडतं, परत येणार कधी हे देवालाही ठाऊक नसतं.

यंदा जवळच्याच वैशाखरे गावच्या एका गृहस्थांनी मुलीच्या हळदीसाठी भांडी सांगितली. चारशे माणूस. "मोठा टोप तेवढा पायजेच," असं दोनदा बजावलं. मी शब्द दिला. एका वेळी वीस किलो तांदूळ शिजेल असा टोप माझ्याकडे एकच आहे. मुरबाडला नवीन दुकान झालंय, तिथे तसे चार आहेत. तरी हे गृहस्थ माझ्याकडे आले होते. आता त्यांच्या मांडवात भात झाला नाही, तर ही बातमी घाटापर्यंत जाणार आणि माझं दुकान बसणार, हे मला पक्कं कळत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी पाहते तर टोप जागेवर नाही. दोन दिवसांपूर्वी तो नेणाऱ्या वाडीतल्या बाईला फोन लावला.

"तो तर पुढं गेला," ती म्हणाली. "आज नणंदेकडं लगीन हाय ना. आमी परस्पर पोचवला. तुमचा टेम्पो वाचवला गो!"

वर उपकार! आमच्याकडे हे असंच. एका मांडवातली भांडी परस्पर दुसऱ्या मांडवात जातात, दुकान मध्ये लागतच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदल्याच दिवशी मी मुरबाडहून एक कागद छापून आणला होता: डिपॉझिट भरल्याशिवाय व मोजून घेतल्याशिवाय भांडी मिळणार नाहीत. तो पर्समध्ये कोंबला आणि टेम्पो घेऊन निघाले. आज वैशाखऱ्यापासूनच हा नियम चालू करायचा, असं ठरवून टाकलं.

नणंदेच्या दारात टोप चुलीवर, आत भात रटरटतोय. मी आवाज चढवला. नवरदेवाची आई, म्हणजे हीच नणंद, पदराला हात पुसत बाहेर आली.

"अगो, ओरडता कशाला? भाडं तर मी कालच वैनीला दिलं."

म्हणजे माझ्या टोपाचं भाडं माझंच गिऱ्हाईक खात होतं! पण शिजता भात काय ओतून टाकणार? बसून राहिले. भात झाल्यावर त्यांनी चटईवर पांढरं कापड अंथरून तो उपसला, चौघांनी टोप घासला, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि टोप टेम्पोत चढवून दिला. "वैनीकडून भाडं घ्या तुमी," नणंद म्हणाली. जसं काही त्यांचं नणंद-भावजयीचं मीच निस्तरायचं.

वैशाखऱ्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. मुलीचे वडील रस्त्यावरच येऊन उभे होते. टोप बघून त्यांनी हातच जोडले. चुली पेटलेल्या होत्या, लगेच पाणी चढलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी कागद काढायला पर्समध्ये हात घातला. तेवढ्यात ते म्हणाले, "मुरबाडवाला डिपॉझिट मागत व्हता. ताटं मोजून घेतो, एक वाटी कमी पडली तर चारचौघांत बोलतो. पोरीच्या लग्नात कशाला ते? तुमच्याकडं तसलं काय नाय. म्हणून तर आलो ताई."

हात पर्समध्येच राहिला.

"आन बुधवारी साडूकडं साखरपुडा हाय. टोप तिकडंच नेऊ ना? तुमचा टेम्पो वाचंल."

सकाळपासून साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या मागे मुलगी हळदीच्या पाटावर बसली होती, बायका गात होत्या.

"न्या," मी म्हणाले. "पण नेलात की मला एक फोन करा."

त्या बुधवारला आठ दिवस झाले. फोन अजून यायचाय.